रूट कॅनाल: रुग्णांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

खुर्चीत बसल्यावर तोंड उघडं ठेवावं लागतं, म्हणून विचारायचे प्रश्न मनातच राहतात आणि घरी गेल्यावर आठवतात. मी रोज रूट कॅनाल करते आणि हे प्रश्न मला रोज ऐकू येतात. उत्तरांमध्ये एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगते. दाताच्या आजारात दुखण्यावर विसंबून राहता येत नाही. आजार वाढत असताना दुखणं थांबू शकतं आणि उपचार उत्तम झाला तरी दोन-चार दिवस दुखू शकतं. माझ्याकडे येणारे बरेचसे दात हातातून जातात ते याच गैरसमजापायी.

रूट कॅनाल म्हणजे नेमकं काय करतात?

दात बाहेरून दगडासारखा दिसला तरी आतून भरीव नसतो. वर इनॅमलचं कडक कवच, त्याखाली डेंटिन आणि मधोमध एक पोकळी. या पोकळीत मऊ गर असतो, त्याला पल्प म्हणतात. आपण बोलताना त्याला सरसकट ‘नस’ म्हणतो, पण त्यात नसांबरोबर रक्तवाहिन्या आणि पेशीही असतात. ही पोकळी मुळांमध्ये बारीक नळ्यांसारखी उतरत जाते आणि मुळाच्या टोकाशी जबड्याच्या हाडात उघडते. या नळ्यांनाच कॅनाल म्हणतात.

किडीतले जंतू पल्पपर्यंत पोचले की तो सुजतो आणि पुढे मरतो. रूट कॅनालमध्ये हा बिघडलेला पल्प काढतात, नळ्या आतून साफ करतात, त्या टोकापर्यंत भरतात आणि वरून दात घट्ट बंद करतात. दात जागेवरच राहतो. त्याला ‘मेलेला दात’ म्हणतात ते मला पटत नाही. मुळाभोवतीचे तंतू आणि हाड यांना रक्तपुरवठा बाहेरून होत असतो, आणि तो उपचारानंतरही चालूच राहतो.

पल्प काढल्यावर दात जगतो कसा?

पल्पचं मुख्य काम दात घडवायचं. मूळ पूर्ण वाढलं की मोठ्या माणसाच्या दाताचं पल्पवाचून अडत नाही. गार-गरम कळणं तेवढं बंद होतं. दाब मात्र कळत राहतो, कारण ती जाणीव मुळाभोवतीच्या तंतूंमधून येते.

गोळ्या घेऊन बरं होणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि याच्या उत्तराला सगळ्यात जास्त विरोधही होतो.

बोट सुजलं तर त्वचा ताणते, सुजेला जागा मिळते. दातातल्या पल्पला चारही बाजूंनी कडक भिंती असतात. तिथे सूज आली की दाब वाढतो, रक्त फिरेनासं होतं आणि पल्प मरायला लागतो. प्रतिजैविक गोळी रक्तावाटे पोचते. जिथे रक्तच फिरत नाही त्या नळीत ती पोचणार कशी? म्हणून कोर्स चालू असताना बाहेरची सूज उतरते, बरं वाटतं, पण जंतूंचं घर दाताच्या आत जसंच्या तसं राहतं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढ माणसाला दातावरचा उपचार मिळू शकत असेल, तर पल्पच्या बहुतेक दुखण्यांवर प्रतिजैविक देऊ नये. ताप असेल, सूज पसरत असेल तर ते द्यावं लागतं. तेव्हाही दातावरचा उपचार लांबवायचा नसतो.

हा सगळा खेळ जंतूंचा आहे, हे १९६५ साली एका साध्या प्रयोगातून दिसलं. संशोधकांनी उंदरांच्या दातांना भोकं पाडून पल्प उघडा ठेवला. नेहमीच्या वातावरणातल्या उंदरांचे पल्प सडले. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांचे पल्प जगले, आणि काहींनी तर भोकावर नवं डेंटिन धरलं. जखम दोन्हीकडे सारखीच होती.

मला खरंच रूट कॅनाल लागणार आहे, हे कशावरून ठरवतात?

एक्स-रे काढतातच, पण नुसत्या एक्स-रेवर निर्णय घेऊ नये. तपासणीचा खरा कस गार चाचणीत लागतो. कापसाच्या छोट्या बोळ्यावर अतिथंड फवारा मारून तो दातावर टेकवतात. आधी शेजारच्या निरोगी दातावर टेकवतात, म्हणजे तुमचं नेहमीचं उत्तर कळतं. निरोगी दात चटकन शिवशिवतो आणि बोळा उचलला की एक-दोन सेकंदांत शांत होतो. पल्पची सूज परतीच्या पलीकडे गेली असेल तर बोळा काढल्यावरही कळ चढत जाते आणि अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त रेंगाळते. मेलेल्या पल्पचा दात काहीच सांगत नाही. रुग्ण सुटल्यासारखा हसतो, ‘याला काही होत नाहीये’ म्हणतो, आणि मला कळतं की आजार याच दातात आहे.

याशिवाय गरम घोटाने ठणका लागणं, रात्री आडवं झाल्यावर कळ वाढणं, दात टिचकीने ठोकल्यावर दुखणं, हिरडीवर पुळी येऊन बसणं या खुणा बघतात. गार पाण्याने क्षणभर सळसळतं आणि लगेच थांबतं, एवढ्यावर रूट कॅनाल करायची गरज सहसा नसते. साधं फिलिंग किंवा हिरडीचा उपचार पुरतो. शंका असेल तर ‘ही चाचणी माझ्या दातावर करून दाखवा’ असं मोकळेपणाने म्हणा. कुठल्याही चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येणार नाही.

दुखतंय वरच्या दाढेत आणि डॉक्टर खालची दाखवतात. असं कसं?

पल्पमधल्या नसांना कळ कळते, पण ती नेमकी कुठून येते हे मेंदूला नीट सांगता येत नाही. म्हणून खालच्या दाढेची कळ वर जाणवते, कानात जाते, कानशिलापर्यंत चढते. जंतू मुळाबाहेर तंतूंपर्यंत पोचले की मग नेमका दात बोटाने दाखवता येतो. दात सापडत नसेल तर काही दिवस थांबून पुन्हा तपासणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. अंदाजाने दात उघडू नये.

आठ दिवस ठणकत होतं, आता आपोआप थांबलं. मग करायला हवं का?

हो, आणि जमेल तितक्या लवकर. बहुतेक वेळा दुखणं थांबतं ते पल्प मेल्यामुळे. पल्पमधल्या नसाही मेल्या, म्हणून कळ सांगणारं कुणी उरलं नाही. पुढे जंतू मुळाच्या टोकातून हाडात उतरतात आणि तिथलं हाड विरघळायला लागतं. हे महिनोन्‌महिने मुकाट चालू राहू शकतं आणि मग एका रात्री गाल सुजतो.

मार लागलेल्या दाताचंही असंच. पडून-आपटून पुढच्या दाताला मार बसतो, दोन दिवसांत बरं वाटतं, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो दात करडा दिसायला लागतो. आत पल्प मेलेला असतो आणि मधल्या काळात एकदाही दुखलेलं नसतं.

करताना खूप दुखतं का?

बहुतेकांना दुखत नाही. फिलिंग करताना देतात तीच भूल असते. ज्या दुखण्यासाठी तुम्ही येता, ते उपचारापेक्षा कितीतरी वाईट असतं.

पण ‘अजिबात नाही’ असं वचन देणं मला खोटेपणाचं वाटतं, कारण काही दातांना भूल खरोखर उशिरा चढते. विशेषतः खालच्या दाढा, आणि त्यातही आदल्या रात्रभर ठणकलेली दाढ. सुजलेल्या भागात आम्लता वाढलेली असते, त्यामुळे भुलीचं औषध नसेच्या आत पुरेसं शिरत नाही. ओठ जड झाला तरी दाढ जागी असू शकते. अशा वेळी आणखी उपाय असतात. दाढेच्या भोवती वेगळं औषध देतात, दात आणि हाड यांच्या मधल्या तंतूंमध्ये बारीक सुईने देतात, आणि अगदीच लागलं तर थेट पल्पमध्ये देतात. तुम्ही फक्त सहन करत बसू नका. सुरू करण्याआधी खूण ठरवून घ्या: डावा हात वर केला की डॉक्टर थांबतील. सोसणाऱ्याला शाबासकी मिळावी अशी ही जागा नाही.

इंजेक्शननंतर मिनिटभर छाती धडधडली तर घाबरू नका. भुलीच्या औषधात बहुधा अ‍ॅड्रेनलिन असतं, त्याचा तो परिणाम. थोड्या वेळात ओसरतो. हृदयाचा आजार असेल तर मात्र आधीच सांगा.

खुर्चीत काय काय होतं?

भूल चढली की दातावर एक पातळ रबरी पडदा बसवतात. त्याला रबर डॅम म्हणतात. पडद्यातून तेवढा एक दात बाहेर दिसतो, बाकी तोंड पडद्याच्या मागे. लाळ दातात जात नाही, औषध घशात उतरत नाही आणि बारीक हत्यार हातातून निसटलं तरी गिळलं जात नाही. हा पडदा १८६४ पासून वापरात आहे. पहिली दोन मिनिटं गुदमरल्यासारखं वाटतं, पण नाकाने सावकाश श्वास घेतला की सवय होते. भेट ठरवताना ‘तुम्ही रबर डॅम लावता ना?’ एवढं जरूर विचारा. उत्तर नाही आलं तर मी स्वतः दुसरीकडे जाईन.

मग दाताच्या माथ्यावर छोटं दार उघडून नळ्यांची तोंडं शोधतात. पुढच्या दातात बहुधा एकच नळी असते. वरच्या पहिल्या दाढेत मुळं तीन असली तरी नळ्या पुष्कळदा चार निघतात, आणि ती चौथी इतकी लपलेली असते की भिंगाशिवाय किंवा सूक्ष्मदर्शकाशिवाय सहज सुटते. सुटली की तिथे जंतू राहतात.

नळीत पहिल्यांदा जी फाइल सोडतात तिचं टोक अनेकदा ०.१० मिलिमीटरचं असतं. ती बोटांच्या चिमटीत धरून पाव फेरा पुढे, पाव फेरा मागे अशी सरकवत नेतात. दोन बोटांना नळीचं वळण लागतं, कुठे अडतंय ते कळतं. नळीची लांबी मोजायला एक छोटं यंत्र असतं. त्याची तार ओठाला अडकवतात, फाइल टोकाजवळ पोचली की यंत्र पिपाणीसारखं वाजायला लागतं. तो आवाज ऐकून दचकू नका.

फाइल नळीला आकार देते, पण खरी सफाई करतं ते औषधी पाणी. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचमधलंच द्रव्य. त्याचा वास तुम्हाला येईल. नळीला बाजूला इतके फाटे असतात की फाइल तिथे पोचूच शकत नाही. हे पाणी तिथल्या पल्पचे राहिलेले तुकडे विरघळवतं आणि जंतू मारतं. म्हणून ‘डॉक्टर नुसतं पाणी मारत बसले होते’ अशी तक्रार आली की मला वाटतं, तो वेळ सत्कारणी लागला.

शेवटी नळी कोरडी करून गुटापर्चाने भरतात. हा मलय प्रदेशातल्या झाडांचा चीक. १८५१ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राखालून टाकलेल्या तारेवर याच चिकाचं वेष्टण होतं. खारं पाणी आत शिरू न देणारा हा पदार्थ दातातही तेच काम करतो. सोबत सीलर नावाचं पातळ सिमेंट असतं, ते उरलेल्या फटी भरतं.

किती वेळा यावं लागतं?

काही दात एका बैठकीत होतात, काहींना दोन किंवा तीन लागतात. पू येत असेल, नळी कोरडी होत नसेल, तर मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे जंतू मारणारं औषध भरून काही दिवस थांबणं चांगलं. दोन्ही पद्धतींचा दीर्घकाळाचा निकाल जवळपास सारखाच येतो. त्यामुळे ‘एका दिवसात’ ही जाहिरात बघून डॉक्टर निवडू नका.

एक्स-रे किती वेळा काढणार? त्रास नाही ना होणार?

साधारण तीन-चार. दाताच्या एका डिजिटल एक्स-रेतून मिळणारी किरणं एखाद्या दिवसात निसर्गातून आपोआप मिळणाऱ्या किरणांएवढीच असतात.

झाल्यावर किती दिवस दुखतं?

दोन-तीन दिवस चावताना ठसठसणं नेहमीचं आहे. आठवडाभर दात थोडा वेगळा, उंच झाल्यासारखा वाटू शकतो. दिवसेंदिवस कमी होत असेल तर काळजी करू नका. चावताना तोच दात आधी टेकत असेल तर फोन करा. वरचं सिमेंट जरासं घासलं की लगेच आराम पडतो.

वेदनाशामकांमध्ये आयबुप्रोफेन चांगलं काम करतं आणि त्याच्या जोडीला पॅरासिटामॉल दिलं तर दोन्ही मिळून आणखी चांगलं. पण मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण किंवा काही प्रकारचा दमा असेल तर आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नका. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताजवळ दाबून ठेवू नका. दाढ दुखतेच, वर हिरडी भाजून पांढरी पडते. अशा भाजलेल्या हिरड्या मी खूप पाहिल्या आहेत.

भूल उतरायला दोन-चार तास लागतात. तोवर खाऊ नका, गाल किंवा ओठ चावला गेला तरी कळत नाही.

आता दुखत नाही. मग कॅप घालायलाच हवी का?

दाढ असेल तर जवळजवळ नेहमीच हो. इथे मी थोडी हट्टाने लिहिते, कारण चांगले झालेले उपचार मी इथेच वाया जाताना बघितले आहेत.

रूट कॅनाल झालेला दात ठिसूळ होतो असं म्हणतात. खरी गोष्ट अशी की किडीने आणि दार उघडताना दाताचा मधला भाग गेलेला असतो. उरतात त्या चार पातळ भिंती. चावताना दाढेवर येणारा दाब त्या भिंतींना बाहेर ढकलतो. कॅप त्यांना वरून बांधून धरते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कॅप न घातलेले दात गमावण्याचं प्रमाण कॅप घातलेल्या दातांच्या सहापट निघालं.

एक दाढ अजून डोळ्यांसमोर आहे. चार नळ्या, वळणाच्या, तीन बैठका. एक्स-रे बघून समाधान वाटावं असं काम. कॅपसाठी यायचं होतं, पण दुखायचं थांबलं होतं, म्हणून येणं राहून गेलं. आठ महिन्यांनी रुग्ण आला तेव्हा दाढेचे पुढून मागे दोन भाग झाले होते. जिभेकडची भिंत बोटाने हलत होती आणि चीर मुळात उतरली होती. ती दाढ काढावी लागली. आतली भरणी मात्र अजून जशीच्या तशी होती.

पुढच्या दाताची गोष्ट वेगळी. तो बराचसा शाबूत असेल तर चांगलं फिलिंग पुरतं.

वरचं तात्पुरतं सिमेंट निघालं तर?

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जाऊन भरून घ्या. ते सिमेंट काही आठवड्यांपुरतं असतं. ते गेलं की लाळेतून जंतू पुन्हा आत शिरतात, आणि उघडं बरेच दिवस राहिलं तर कधीकधी सगळं काम नव्याने करावं लागतं. इथेही दुखत नाही, म्हणून लोक थांबतात.

दात काळा पडेल का?

पडू शकतो, विशेषतः पल्प मरून बरेच दिवस गेले असतील तर. पुढच्या दाताला आतून ब्लीच करून रंग पुष्कळसा परत आणता येतो. त्यासाठी निरोगी दात घासून कॅप घालायची घाई करू नका.

डॉक्टर म्हणाले, फाइलचा तुकडा आत राहिला. आता?

सांगितलं, हे चांगलं केलं. वळणाच्या नळीत फाइल तुटणं अनुभवी हातांकडूनही होतं. धातू निर्जंतुक असतो, त्याने विषबाधा होत नाही. प्रश्न असतो तो तुकड्याच्या पलीकडची नळी साफ झाली होती का, याचा. सफाई होत आल्यावर तुटली असेल तर तुकडा तिथेच ठेवून भरलेले दात छान टिकतात. सुरुवातीलाच तुटली आणि आत पू होता, तर एन्डोडॉन्टिस्टकडे, म्हणजे रूट कॅनालच्या तज्ज्ञाकडे पाठवणं योग्य. तुकडा काढता येतो किंवा बाजूने वाट काढता येते. तुमच्या नोंदीत ते लिहून घ्या.

असा दात किती वर्षं टिकतो?

अमेरिकेत साडेचौदा लाखांहून जास्त दातांच्या विमा-नोंदी तपासून २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रूट कॅनालनंतर ८ वर्षांनी ९७ टक्के दात तोंडात होते. तोंडात असणं म्हणजे प्रत्येक दात पूर्ण बरा असणं नव्हे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. तरीही हा आकडा दिलासा देणारा आहे.

त्यापेक्षा दात काढून इम्प्लांट बसवला तर?

दात वाचण्यासारखा असेल तर मी वाचवण्याच्या बाजूने. इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ, चांगला असतो, पण त्याच्याभोवती ते दाब ओळखणारे तंतू नसतात. मूळ उभं चिरलं असेल, हिरडीच्या वर धरायला दात उरलाच नसेल, किंवा भोवतीचं हाड गेलं असेल, तर मात्र ओढूनताणून रूट कॅनाल करण्यात अर्थ नाही. हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवं.

रूट कॅनालमुळे शरीरात मोठे आजार होतात असं वाचलं. खरं का?

नाही. ही समजूत शंभर वर्षांपूर्वीची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याने रूट कॅनाल झालेले दात सशांच्या कातडीखाली बसवून पाहिले, ससे आजारी पडले, आणि त्यावरून त्याने मोठे निष्कर्ष काढले. पुढे काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत ते टिकले नाहीत, कारण मुळात त्याच्या पद्धतीतच जंतूंचा शिरकाव होत होता. मधल्या काळात लोकांचे चांगले दात मात्र ढिगांनी काढले गेले. दातात उपचार न केलेला पू ठेवणं, हे शरीराला खरोखर घातक आहे.

गरोदरपणात चालतं का?

चालतं. चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा, पण पू आणि ठणका असेल तर कुठल्याही महिन्यात थांबू नये. लिडोकेनची भूल सुरक्षित मानली जाते. गरोदर असल्याचं किंवा तशी शक्यता असल्याचं मात्र आधी सांगा.

मधुमेह किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर?

गोळी स्वतःहून बंद करू नका. रूट कॅनालसाठी ती बंद करायची गरज सहसा नसते. मधुमेह आटोक्यात असेल तर दात चांगला बरा होतो. सकाळची वेळ घ्या आणि जेवण-औषध चुकवू नका. हृदयात कृत्रिम झडप असेल किंवा हृदयाच्या आतल्या आवरणाला पूर्वी संसर्ग झाला असेल, तर आधी प्रतिजैविकाची एक मात्रा लागू शकते. हाडांच्या ठिसूळपणावर बिसफॉस्फोनेट घेणाऱ्यांसाठी दात काढण्यापेक्षा रूट कॅनाल पुष्कळदा जास्त सुरक्षित असतं, कारण काढलेल्या जागेचं हाड भरून यायला त्यांना अडचण येऊ शकते.

दुधाचा दात पडणारच आहे. त्याला हे सगळं कशाला?

कारण तो खालच्या पक्क्या दाताची जागा राखून ठेवतो. दुधाची दाढ लवकर गेली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात. मुलांमध्ये बऱ्याचदा पल्पचा वरचा भागच काढतात. नळ्या भरायची वेळ आली तर असं औषध भरतात, जे मुळाबरोबर विरघळून जाईल.

मुलांच्या नव्या पक्क्या दाढेत जास्त सावध राहावं लागतं. साधारण सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढेचं मूळ पूर्ण व्हायला आणखी तीनेक वर्षं लागतात. तोवर पल्प जिवंत ठेवायचा होईल तितका प्रयत्न करावा, नाहीतर मूळ आखूड आणि पातळ राहतं.

रूट कॅनाल झालेला दात पुन्हा दुखतोय. दात काढावा लागेल?

लगेच नाही. सुटलेली नळी, गळकी कॅप, नवीन कीड, मुळाची चीर, यांपैकी काय झालंय ते आधी शोधावं लागतं. कधी त्यासाठी त्रिमितीय स्कॅन काढतात. जुनी भरणी काढून उपचार पुन्हा करता येतो, किंवा हिरडी उघडून मुळाचं टोक कापून तिथून बंद करता येतं. चीर निघाली तर मात्र बहुतेकदा दात काढावाच लागतो.

वेळ न दवडता हॉस्पिटल कधी गाठायचं?

जबड्याखाली किंवा मानेत सूज पसरत असेल, जिभेखालचा भाग उचलल्यासारखा झाला असेल, गिळता येत नसेल, श्वास जड होत असेल, तोंड उघडत नसेल, डोळा सुजेने मिटत असेल किंवा थंडी वाजून ताप असेल, तर रात्र असो वा सुट्टीचा दिवस, सरळ हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा. दातातला पू घशाकडे उतरला तर श्वासनलिका बंद होऊ शकते. सकाळपर्यंत वाट बघू नका.

सगळं झालं, कॅप बसली, काहीच दुखत नाही. तरी वर्षाने का बोलावतात?

मुळाच्या टोकाशी हाड विरघळलेलं असेल तर एक्स-रेवर तिथे काळा डाग दिसतो. तो दुखणं थांबलं म्हणून जात नाही. हाड भरायला सहा महिने, वर्ष, कधी चार वर्षंही लागतात. मी जुना आणि नवा एक्स-रे शेजारी शेजारी लावते आणि रुग्णाला दाखवते: आधी काळा गोल, आता त्याच जागी हाडाची बारीक जाळी विणत आलेली, कडेने आत सरकणारी. डाग लहान होत असेल तर पुन्हा वर्षाने बघतो. तसाच असेल तर आणखी थांबतो. मोठा होत असेल, तर दात अजून दुखत नसतानाच पुढचा उपचार ठरवतो. येताना जुने एक्स-रे घेऊन या, मोबाइलमध्ये काढलेला फोटो असला तरी चालेल.